बंधाऱ्यातलं पाणी आणि पाणथळ: नांदूरमधमेश्वरच्या पातळीबद्दल

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. त्यांची जमीन नांदूरमधमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्याला, म्हणजे भिंतीमागे तुंबून पसरलेल्या पाण्याला, लागून आहे. त्यांनी विचारलंय ते थोडक्यात असं: "हा बंधारा इंग्रजांनी सिंचनासाठी बांधला. म्हणजे तो माणसाचा, निसर्गाचा नाही. शंभर वर्षांत तो गाळाने भरला. गाळ काढू दिला तर पाणी साठेल, चांदोरी-सायखेड्याचा पूर टळेल आणि पाणी वाढलं की पक्षीही वाढतील. मग अभयारण्य आणि रामसरच्या नावाखाली गाळाला हात का लावू देत नाहीत?"

तुमच्या प्रश्नाची सुरुवात अगदी बरोबर आहे. पुराबद्दल म्हणता त्यातही तथ्य आहे, त्यावर पुढे नीट बोलू. पण "पाणी वाढलं की पक्षीही वाढतील" हे बरोबर नाही आणि सगळी गोम तिथेच आहे. मी सुरुवातीची चार वर्षं कालव्यावर कनिष्ठ अभियंता होतो. त्यानंतर सव्वीस वर्षं पाणपक्ष्यांच्या गणना करणं आणि पाणथळ जागांचे आराखडे बनवणं हेच काम करतोय. दोन्ही बाजूंनी पाहिलंय म्हणून सांगतो: तलाव काठोकाठ भरलेला असतो त्या आठवड्यात तिथे पक्षी सर्वांत कमी असतात.

आधी हा बंधारा आहे काय, ते बघू. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी १९०७ साली त्याचं काम सुरू झालं आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत तो उभा राहिला. त्याच्या दोन्ही अंगांनी गोदावरीचे डावा आणि उजवा असे कालवे निघतात आणि पार कोपरगाव-राहात्यापर्यंत जातात. पाणी साठवायचं काम वरची धरणं करतात. दारणा, गंगापूर आणि त्यांच्या जोडीची इतर धरणं इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस अडवून ठेवतात. आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी पाणी सोडायची पाळी, सुटलं की ते पाणी नदीने खाली येतं आणि नांदूरमधमेश्वरला कालव्यात वळतं. म्हणजे हा बंधारा पाणी वळवण्यासाठी बांधलेला आहे. वळवायला भिंत फार उंच लागत नाही, पाण्याची पातळी कालव्याच्या तोंडापर्यंत चढली की झालं. भिंत बुटकी, मागची जमीन सपाट. त्यामुळे फुगवटा खोल न होता आडवा पसरला. आणि शंभर पावसाळ्यांचा गाळ त्या पसरट पाण्यात बसत गेला.

बुटकी भिंत, सपाट जमीन आणि गाळ या तिघांनी मिळून पाणथळ घडवली. तशी योजना कुणी केली नव्हती. पण निसर्गाने माणसाच्या बांधकामाचा असा वापर करून घेतल्यावर ती जागा "खरी" नाही असं म्हणता येत नाही. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांबाबत जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या व्याख्येतच नैसर्गिक आणि कृत्रिम हे दोन्ही शब्द आहेत. मानवनिर्मित पाणथळींचा त्यात स्वतंत्र वर्ग आहे आणि जलाशय, बंधारे त्या वर्गात येतात. नांदूरमधमेश्वर १९८६ साली अभयारण्य झालं. २०१९ सालच्या तारखेने त्याची रामसर यादीत नोंद झाली आणि जानेवारी २०२० मध्ये ती जाहीर झाली. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर जागा. लोणार २०२० मध्येच पुढे आलं, ठाण्याची खाडी २०२२ मध्ये.

एक फरक इथेच नोंदवून ठेवतो, कारण गावातल्या बैठकांत त्यावरून फार गोंधळ होतो. अभयारण्याचं क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे आणि त्यात तुमच्यासारख्यांची शेतीही येते. रामसरची हद्द १४३७ हेक्टर, म्हणजे साडेचौदा चौरस किलोमीटरच्याही आत. दोन्ही हद्दी एक नाहीत आणि दोघींचे नियमही एक नाहीत.

आता खोलीकडे येतो.

जानेवारीत सकाळी सातच्या आधी चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्याजवळ या. निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहेच. कुंदेवाडीला पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षाच्या बागांत शेकोट्या पेटतात. दुर्बीण एकदम लांबच्या थव्यावर लावू नका. पायाजवळून सुरुवात करा आणि नजर हळूहळू पाण्यात न्या. म्हशींच्या खुरांनी तुडवलेला चिखल दिसेल. त्यात पाणी असं नाहीच, नुसती ओल. तिथे तुतवार पळताना दिसतील, शेपूट हलवणारा धोबी दिसेल आणि नीट पाहिलं तर गवताच्या रंगात मिसळून बसलेला पाणलावा. त्याची लांब चोच चिखलात शिवणयंत्राच्या सुईसारखी वरखाली होते. त्याच्या पुढे बोट-दोन बोटं पाणी आणि लाल पायांचे शेकाटे. त्याहून पुढे घोट्याएवढ्या पाण्यात चमचे ओळीने चालतात, अर्धवट उघडी चोच विळा फिरवावा तशी डावी-उजवीकडे फिरवत. गुडघाभर पाण्यात चित्रबलाक आणि राखी बगळे उभे. फूट-दीड फुटाच्या पट्ट्यात तलवार बदकं डोकं खाली आणि शेपूट वर करून तळाचं बी-बियाणं काढतात. थापट्या आपली रुंद चोच पाण्यावर टेकवून गाळत जातात. खरं खोल पाणी त्याच्याही पलीकडे आणि तिथे बुडी मारणारे थोडेच: लालसरी, पाणकावळे, टिबुकल्या.

हा सगळा बाजार चिखलापासून छातीभर पाण्यापर्यंतच्या उतारावर भरलेला असतो. प्रत्येकाच्या पायाची लांबी, मानेची लांबी आणि चोचीचा आकार ठरलेला आहे. शेकाट्याला तीन फूट पाण्यात पोहता येईल, पण खाता येणार नाही. तलवार बदकाला दहा फूट पाण्यात रात्र काढता येते, पोट भरता येत नाही. आता विचार करा. त्या उथळ पट्ट्यातला गाळ सरसकट उपसला आणि जागेचा पंधरा फुटांचा हौद केला, तर पाणी वाढेल हे खरं. पण चिखल जाईल, घोटाभर आणि गुडघाभर पाणी जाईल, दीड फुटाचा पट्टा जाईल. उरतील पाणकावळे आणि थोडी लालसरी. इथे नोंद झालेल्या पक्ष्यांच्या जाती अडीचशेच्या आसपास आहेत, त्यातल्या बहुतेकांना खोल पाण्याचा काहीच उपयोग नाही.

उजनीचं उदाहरण घ्या. भीमेवरचं ते धरण नांदूरमधमेश्वरच्या मानाने समुद्र आहे. पण भिगवण-कुंभारगावला लोक रोहित पक्षी बघायला कधी जातात? दिवाळीत धरण तुडुंब असताना जात नाहीत. हिवाळा कलताना पाणी उतरू लागतं, काठावर उथळ चिखल उघडा पडतो, तेव्हा जातात. रोहित त्या चिखलाच्या पाण्यासाठी येतात. तुमच्या बंधाऱ्याला तशी उथळ जागा धरण न उतरताही कायम मिळाली आहे, ती गाळामुळे.

वनस्पतींचंही तसंच. पाणकणीस आणि लव्हाळे उथळ गाळात मूळ धरतात. एकदा मी नावेतून अगदी सहा-सात फुटांवरून जांभळी पाणकोंबडी खाताना पाहिली. तिने पाणकणसाचा कोवळा देठ बुडापासून चोचीने ओढून काढला, एका पायाच्या लांब बोटांत माणसाने ऊस धरावा तसा धरला, वरची साल सोलून बाजूला टाकली आणि आतला पांढरा गाभा तेवढा खाल्ला. शेजारी तिची काळी पिल्लं सालींच्या ढिगावर उभी होती. तो ढीग म्हणजेच त्यांचं घर. पाणी चार फूट वर चढलं असतं तर ते घर राहिलं नसतं.

आणि हेच मला तुम्हाला कळकळीने सांगायचं आहे. पाणथळीचा प्राण पाण्याच्या साठ्यात नसतो, तो पातळीत असतो. पातळी किती आहे, ती कधी चढते, कधी उतरते आणि किती वेगाने. नैसर्गिक तळ्यात हे पाऊस आणि ऊन ठरवतात. बंधाऱ्यात ते दरवाजा ठरवतो. दरवाजा चालवणाऱ्या माणसाला कुणी कधी वन्यजीव रक्षक म्हणत नाही, पण अभयारण्यातल्या प्रत्येक घरट्याचं भवितव्य त्याच्या हातात असतं.

मला हे कसं उमगलं ते सांगतो. गोदावरीच्या खोऱ्यातल्याच एका जलाशयावर, नाव सांगत नाही, एप्रिलमध्ये गाळाच्या एका लांबट बेटावर नदी सुरयांची वसाहत होती. नदी सुरय घरटं असं बांधत नाही. उघड्या वाळूत किंवा सुकल्या चिखलात छातीने घासून खळगा करतो, त्यात दोन-तीन अंडी. राखट-हिरवट रंगाची, तपकिरी डागांची. पाय टाकायच्या आधी दहादा बघावं लागतं. मी बेटाच्या एका टोकाला बसून मोजली, चौतीस खळगे होते. दुपारच्या उन्हात मादी अंड्यांवर बसण्याऐवजी त्यांच्यावर सावली धरून उभी होती. मधेच उडून गेली, पाण्यात पोट बुडवून आली आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नावाड्याने मला फोन केला, "साहेब, बेट गेलं." रात्री वरून आवर्तन सुटलं होतं. पाणी फार चढलं नव्हतं, दोन-अडीच फूट. पण बेटाची उंचीच तेवढी होती. सुरय त्या जागेवर पाण्यावर घिरट्या घालत होते, एकेक जण खाली येऊन जिथे खळगा होता तिथे पाण्याला चोच लावत होता. आवर्तनाची तारीख आधीच ठरलेली होती, छापील कागदावर होती. वसाहत आहे हे ना आमच्याकडून त्या कार्यालयाला कळलं होतं, ना तारीख आम्ही मागितली होती. शेतकऱ्याच्या उभ्या पिकाला पाणी हवंच होतं, ते थांबवा असं मी तेव्हाही म्हटलं नसतं. पण सुरयाची अंडी उबायला तीन आठवडे लागतात. आवर्तन एका रात्रीत न सोडता वसाहत बसायच्या आधीपासूनच थोडं थोडं सोडून पातळी वर ठेवली असती, तर पक्ष्यांनी खालच्या बेटावर घरटी केलीच नसती, ते वरच्या माळावर गेले असते. पाणी तेवढंच लागलं असतं. तारखा बदलल्या असत्या, एवढंच.

म्हणून मी पाणथळीच्या आराखड्यात पहिलं पान पातळीचं लिहितो. झाडं लावणं, फलक, पर्यटकांचे मचाण, हे सगळं त्यानंतर. नांदूरमधमेश्वरला स्थूलमानाने मागणी अशी: पावसाळ्यात नदीला मोकळी वाट, पुराने गाळ आणि जलपर्णी हलली पाहिजे. ऑक्टोबरपासून पातळी सावकाश उतरती, म्हणजे मध्य आशियातून येणारी बदकं आणि चिखलपक्षी उतरतात तेव्हा दर आठवड्याला चिखलाचा नवा पट्टा उघडा पडत राहील. डिसेंबर-जानेवारीत स्थिर. आणि फेब्रुवारीनंतर जी काही चढउतार करायची ती टप्प्याटप्प्याने. कालव्याला पातळी लागतेच, ती मिळेल. अभियंता म्हणून सांगतो, यातलं काहीही सिंचनाच्या आड येत नाही. फक्त आधी बोलावं लागतं.

आता पूर. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या चांदोरी-सायखेडा या गावांतल्या लोकांना मी कधीही "तुमचं म्हणणं चूक" असं सांगितलेलं नाही, कारण घरात चिखल घुसलेल्या माणसाशी असं बोलायचं नसतं आणि ते पूर्णपणे चूक नाहीही. पण हिशेब करून बघा. नदीत एक लाख क्युसेक वाहत असेल तर दर सेकंदाला एक लाख घनफूट पाणी येतं. समजा सगळा गाळ उपसून तुम्ही एक टीएमसी जागा मोकळी केली. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ती भरायला दहा हजार सेकंद लागतील, म्हणजे पावणेतीन तास. ऑगस्ट २०१९ मध्ये इथून दोन लाख क्युसेकच्या वर पाणी गेलं. म्हणजे दीड तासाच्या आत तुमचा हौद भरला असता आणि पूर पुढे तसाच चालू राहिला असता. शिवाय पावसाळ्यात कालव्यासाठी पातळी धरलेली असेल तर ती जागा पूर यायच्या आधीच भरलेली असणार. वळवणी बंधारा पूर साठवू शकत नाही. तो फक्त पुराला वाट देऊ शकतो किंवा अडवू शकतो.

मग लोकांचं बरोबर काय? वाट. मुख्य पात्रात गाळाची उंच बेटं झाली, त्यांवर बेशरम आणि बाभूळ दाट माजली की पाण्याचा वेग मरतो आणि वरच्या गावाला पाणी चढतं. पुलांच्या खांबांना पानवेलीचे, म्हणजे जलपर्णीचे, ढीग अडकतात तेव्हा पुलाचाच बंधारा होतो, हे सायखेड्याच्या पुलावर तुम्ही स्वतः पाहिलं असेल. म्हणून मुख्य पात्रातला, दरवाज्यांच्या तोंडचा गाळ आणि झाडोरा काढायला माझा पाठिंबा आहे. दरवाजे वेळेवर आणि पुरेसे उघडावेत यालाही. हा अरुंद, लांब पट्टा आहे. दोन्ही कडांच्या उथळ पठारांना मात्र हात लावू नका. तिथला गाळ काढून पुराच्या वाटेत काडीचा फरक पडत नाही, आणि पक्षी, मासे, पाणकणीस सगळं तिथेच आहे.

गाळ काढायचा तो उन्हाळ्यात, पात्र उघडं पडल्यावर, आणि घरटी तपासून. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २९ अभयारण्यातल्या अधिवासाला धक्का लावायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी मागतं. त्याच कलमात पाण्याचा प्रवाह वळवणं, थांबवणं आणि वाढवणं हेही आहे. लोक हे कलम फक्त गाळाच्या संदर्भात ऐकतात. माझ्या मते त्यातला पाण्याचा भाग जास्त महत्त्वाचा आहे आणि तो आपल्याकडे कुणी फारसा वापरत नाही.

जलपर्णीबद्दल दोन शब्द. गोदाकाठी तिला पानवेली म्हणतात. नाशिक शहराचं सांडपाणी नदीत येतं, त्यातलं नत्र आणि स्फुरद म्हणजे तिच्यासाठी खत. उबदार हवेत दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. थोडी असेल तर कमळपक्षी तिच्यावर चालतात, पाणकोंबड्या तिच्या आड पिल्लं लपवतात. सगळं पाणी झाकलं की खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात आणि बदकांना उतरायला आरसाच उरत नाही. काढायची तर पूर ओसरल्यावर लगेच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ठिगळं लहान असताना आणि फुलायच्या आधी, कारण बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. काढून काठावरच टाकली तर पुढच्या पुरात परत येते, ती शेतात नेऊन कुजवावी लागते. पण शहराचं सांडपाणी शुद्ध होत नाही तोवर हे काम दरवर्षी करावं लागणार.

"मग माणसांना बाहेर काढा, जागा आपोआप सुधारेल" असं म्हणणारेही भेटतात, बहुतेक शहरातले. त्यांना मी राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी उद्यानाची गोष्ट सांगतो. आपल्या नांदूरमधमेश्वरला सगळे महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, पण भरतपूरचं केवलादेव हेही माणसाचंच बांधकाम आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. तिथल्या राजांनी अठराव्या शतकात अजानबांध घातला, त्याच्या पाण्यावर ही पाणथळ उभी आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानात म्हशींची चराई एकदम बंद केली. गावकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि पुढे काय झालं? म्हशी जे गवत खात होत्या ते माजलं. पाण्याचे उघडे पट्टे गवताने बुजले, पक्ष्यांना उतरायला आणि मासळीला फिरायला जागा उरली नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दशकभराच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा निघाला की चराईबंदीने पाणथळीचं नुकसान झालं. म्हैस त्या व्यवस्थेचा भाग होती.

मी वर म्हशींच्या खुरांच्या चिखलाचा उल्लेख केला तो उगीच नव्हे. तुमच्या गोठ्यातल्या म्हशी संध्याकाळी पाण्याला जातात, त्यांच्या पायाखाली पाणकणीस दबतं, चिखल उघडा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुतवार त्याच खुणांमध्ये किडे शोधतात. किती म्हशी, कुठल्या महिन्यात, कुठल्या काठाला, हे ठरवता येतं. सुरयांच्या बेटावर एप्रिलमध्ये नको, पाणकणसाच्या दाटीत डिसेंबरमध्ये चालेल.

भरतपूरचा दुसरा धडा पाण्याचा. वरच्या अंगाला पांचना धरणात पाणी अडलं आणि या शतकाच्या सुरुवातीला काही वर्षं केवलादेव कोरडं पडलं. जागतिक वारसा, रामसर, राष्ट्रीय उद्यान, सगळे दर्जे होते. पाणी नव्हतं, म्हणून पक्षी आले नाहीत. आपल्याकडे वर दारणा-गंगापूर, कादवेवर करंजवण आणि पालखेड, खाली जायकवाडी. जायकवाडीच्या वाट्याचं पाणी इथूनच खाली जातं, दुष्काळी वर्षात त्यावरून नाशिक आणि मराठवाडा कोर्टात उभे राहतात. त्या सगळ्या वाटपाच्या कागदांत शेती आहे, शहर आहे, उद्योग आहे. पाणथळ म्हणून एक ओळही नाही. मला याचं मनापासून दुःख वाटतं, कारण तिचा वाटा मागायला फार पाणी लागत नाही. पाणी तेच, जाता जाता थोडं थांबलं तरी पुरे.

कायद्यातली एक त्रुटीही तुम्हाला माहीत असावी. २०१७ च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येतून वगळले. २०१० च्या नियमांत ते धरलेले होते. नांदूरमधमेश्वर वाचलं ते अभयारण्य आणि रामसर यादी या दोन छत्रांमुळे. पण महाराष्ट्रात असे शेकडो पाझर तलाव आणि बंधारे आहेत जिथे हिवाळ्यात हजारो बदकं उतरतात आणि ज्यांना "सिंचनाचं बांधकाम" एवढ्या दोन शब्दांनी संरक्षणाबाहेर ठेवलंय. तुमच्या प्रश्नातला "माणसाचा, निसर्गाचा नाही" हा भेद सरकारी नियमातही शिरला आहे. तो काढायला हवा, आणि त्यासाठी नांदूरमधमेश्वर हा माझ्याकडचा सर्वांत चांगला पुरावा आहे. निफाडला वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, सभोवती पर्जन्यछायेचा माळ, आणि त्याच्या मधोमध ५३६ प्रकारची झाडं-प्राणी नोंदली गेलेली ही ओली जागा. उसात बिबट्या, काठाला चंदन, पाण्यात देवळालीच्या नावाचा तो इटुकला मासा जो जगातून नाहीसा होण्याच्या काठावर आहे. हे सगळं एका वळवणी बंधाऱ्याने केलं.

तुम्ही काय करू शकता, ते आता सांगतो. कालवा सल्लागार समितीची बैठक दरवर्षी होते, आवर्तनं तिथे ठरतात. पाणी वापर संस्थेतर्फे तुमचा माणूस त्या बैठकीला पोचू शकतो. तिथे दोनच गोष्टी मागा: वन्यजीव विभागाचा एक अधिकारी समोर बसलेला असावा, आणि आवर्तनाच्या तारखा त्याला आधी लेखी मिळाव्यात. पुराच्या प्रश्नासाठी गावाचा ठराव करताना "गाळ काढा" असं मोघम लिहू नका. मुख्य पात्राचा पट्टा नकाशावर आखा, रुंदी लिहा, कडेची पठारं वगळली आहेत असं स्पष्ट म्हणा. असा ठराव वन खात्याला नाकारणं अवघड जातं आणि पाटबंधारे खात्यालाही तो हाताळायला सोपा पडतो. मी स्वतः तो नकाशा आखायला येईन.

आणि एक काम आत्तापासून सुरू करा. बंधाऱ्यावर पातळीची मोजपट्टी आहे. रोज सकाळचा आकडा एका वहीत लिहा, शाळेच्या मुलांकडून लिहून घेतला तरी चालेल. आमच्याकडे कित्येक जानेवारींच्या पक्षीगणना आहेत, पण त्या त्या दिवशी पाणी किती होतं याची सलग नोंद त्यांच्या शेजारी नाही. कुठल्या पातळीला किती तलवार बदकं, किती शेकाटे, किती चमचे, हा तक्ता एकदा तयार झाला की समितीच्या टेबलावर आपण भावनेने न बोलता फूट-इंचात बोलू शकू. आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असते. सकाळी साडेसहाला चापडगावला या, स्वेटर घालून, आणि त्या दिवशीचा मोजपट्टीचा आकडा बरोबर आणा.